लबाड पुस्तकं



तुमच्यापैकी बऱ्याच जणांची एकच फर्माईश आहे. "मॅडम, जादूची, यानांची, परग्रहावरच्या माणसांची पुस्तकं सांगा ना!" सांगते, जरूर सांगते. आजचा 'दप्तराबाहेरची पुस्तकं'चा सगळा कोपरा त्यांच्यासाठीच आहे. पण यादीच्या आधी एक गोष्ट ऐका. आमच्याच शाळेत घडलेली.

आमची शाळा वरूड तालुक्यात, संत्र्याच्या बागांच्या मधोमध. वर्गाच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी पेटी आहे. तीच आमची लायब्ररी. दर शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी मी ती उघडते, आणि मुलं ओळीने उभी राहून पुस्तकं नेतात. दोन-तीन वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलाने 'चंद्रावर स्वारी' नेलं. पुस्तक हातात पडताच त्याने पहिलं पान तिथेच, ओळीत उभ्या उभ्या वाचायला घेतलं. मागची मुलं ढकलायला लागली तरी त्याला पत्ता नाही! मी मनात म्हटलं, हा आता आपला झाला.

पण सोमवारी तो पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत घेऊन आला.

"मॅडम, हे वापस घ्या."

"काऊन रे? आवडलं नाही?"

"आवडलं. पण आबाजी म्हणते, हे सारं लबाड हाये. खरं असन असं पुस्तक द्या मले."

आमच्या वऱ्हाडात खोटं बोलण्याला 'लबाड बोलणं' म्हणतात. त्याचे आबाजी, म्हणजे आजोबा, सातवी शिकलेले. बाजेवर बसून त्यांनी नातवाकडून दोन प्रकरणं ऐकली होती. नातू म्हणाला, "आबाजी, चंद्रावर तं आपलं यान गेलं. आमी शायेत टीव्हीवर पायलं." त्यावर आबाजी म्हणाले, "यान गेलं, हे खरं. पण मानसं तोफीच्या गोयात बसून जातीन काय? त्याइचा भुगा नाई होनार?"

आता मी काय करायला हवं होतं? त्या मुलाला जवळ बसवून बोलायला हवं होतं. पण सोमवारची हजेरी, पोषण आहाराची नोंद, वरून तालुक्याला पाठवायची माहिती. मी पेटीतलं सामान्य ज्ञानाचं पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "घे, यातलं सगळं खरं आहे." त्याने ते मुकाट्याने नेलं, पुढच्या शनिवारी मुकाट्याने परत केलं, आणि त्यानंतर तो ओळीत उभाच राहिला नाही. मुलाने प्रश्न विचारला होता, आणि मी उत्तर न देता पुस्तक बदलून दिलं. ही माझी चूक. आज तुम्हा सगळ्यांसमोर कबूल करते.

त्याच वर्षीच्या एप्रिलात त्यांच्या बागेतली बोअर आटली. वरूड तालुक्यात हे नवं नाही. भूजलाचा अति उपसा झालेल्या तालुक्यांत आमचं नाव आहे, आणि दरवर्षी पाणी आणखी खाली जातं. आंबिया बहाराची फळं झाडावर लहान होती. पाणी मिळालं नाही तर ती गळणार. वडिलांनी पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ आडवा धरून बागेत फिरला. एका जागी नारळ उभा राहिला. "इथं तीनशे फुटांवर पाणी, लिहून घ्या!" मशीन आलं, रात्रभर घरघर चाललं. तीनशे झाले, पाचशे झाले, सातशे झाले. वर आला तो नुसता दगडाचा पांढुरका भुगा. पैसे मात्र फुटाच्या हिशोबाने द्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. केसांत, भुवयांत तो भुगा तसाच. मधल्या सुटीत बाकी मुलं बाहेर गेली आणि तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"मॅडम, मंग लबाड कोन बोललं? पुस्तक का नारळ?"

मित्रांनो, या एका प्रश्नासाठी मी आजचा लेख लिहिते आहे.

कोण लबाड?

यावेळी मी उठून गेले नाही. आम्ही दोघांनी मिळून विचार केला. 'चंद्रावर स्वारी'च्या लेखकाने कुणाला फसवलं का? नाही. तो पहिल्या पानापासून सांगतो, की ही गोष्ट आहे. ती वाचून कुणी शेत विकून तोफ बांधायला घेत नाही. गोष्ट तुमच्याकडे फक्त थोडा वेळ मागते, आणि पुस्तक मिटलं की तुम्ही मोकळे. नारळाचं तसं नाही. तो 'मी खरा आहे' असं म्हणतो आणि त्या जोरावर पैसे मागतो. शिवाय तो खरा आहे का, हे तपासू देत नाही. तपासायचं कसं, तेही आम्ही ठरवलं. पाणाड्याचे डोळे बांधायचे, त्याच बागेतून त्याला पुन्हा फिरवायचं, आणि नारळ त्याच जागी उठतो का ते बघायचं. सोपं आहे ना? आणि पाण्याचा शोध घ्यायचा तर खडक, त्यातल्या भेगा, आजूबाजूच्या विहिरींची पातळी यांचा अभ्यास करावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नावाचं सरकारी खातं १९७२ पासून हेच काम करतं.

म्हणजे 'झालेलं नाही ते सांगणं' आणि 'फसवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हे काही मी नवीन सांगत नाही. आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' तिथेच सिद्ध केलं. मराठी गद्याची सुरुवातच म्हणा ना! चक्रधरस्वामी शिष्यांना समजावताना जे दृष्टांत देत, ते केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. त्यात हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत आहे. एकाला सोंड लागते, एकाला पाय, एकाला कान, आणि प्रत्येक जण आपलाच हत्ती खरा म्हणतो. आता ते आंधळे कोणत्या गावचे, हत्ती कुणाचा, असं कुणी विचारतं का? नाही. गोष्ट घडलेली नसेल, पण तिच्यातून कळतं ते खरंच असतं.

मग चांगली 'लबाड' पुस्तकं ओळखायची कशी? आमच्या वर्गात आम्ही त्यासाठी एक नियम केला आहे. लेखकाला एक थाप माफ! फक्त एक. ती त्याने खुशाल मारावी, कितीही मोठी असो. पण त्यानंतर सगळं नीट, हिशोबाने जुळलं पाहिजे. अडचण आली की नवी थाप, पुन्हा अडचण की आणखी एक थाप, असं चाललं असेल तर ते पुस्तक खाली ठेवा. लेखक आळशी आहे असं समजा!

आता या नियमाने आपण पेटीतली पुस्तकं तपासू या.

तोफेतलं संत्रं

पहिलं अर्थातच 'चंद्रावर स्वारी'. मूळ कादंबरी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची, १८६५ सालची. ती मराठीत आणली भा. रा. भागवतांनी. हो, तेच, आपल्या फास्टर फेणेचे लेखक! १९१० साली जन्मलेल्या या माणसाने मराठी मुलांसाठी किती लिहिलं, याला गणती नाही. व्हर्नची पुस्तकं त्यांनी अशी मराठी केली, की वाचताना परकं काही वाटतच नाही.

गोष्टीतली माणसं अमेरिकेत फ्लॉरिडा इथे ९०० फूट लांबीची तोफ जमिनीत उभी पुरतात, आणि तिच्या पोकळ गोळ्यात तीन माणसं बसून चंद्राकडे निघतात. ही एक थाप. पण पुढे बघा. गोळ्याला वेग किती द्यायचा याचा हिशोब व्हर्नने जवळजवळ बरोबर केला आहे. पृथ्वीची ओढ तोडायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो, तेवढाच! १०४ वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, अपोलो ११ खरोखर चंद्राकडे निघालं. कुठून? फ्लॉरिडातूनच. माणसं किती? तीनच. आणि परत येऊन पडलं पॅसिफिक महासागरात. व्हर्नच्या कादंबरीचा पुढचा भाग मिळाला तर त्याचे प्रवासी परत कुठे पडतात तेही बघा. मी सांगणार नाही!

आणि आबाजींचा आक्षेप? मित्रांनो, आबाजी शंभर टक्के बरोबर होते! व्हर्नची थाप नेमकी तिथेच आहे. त्या मुलाने आणि मी फळ्यावर गणित केलं. ९०० फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. एवढ्याशा अंतरात शून्यापासून सेकंदाला ११ किलोमीटरपर्यंत जायचं, तर गोळ्यातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २३ हजार पट दाब येतो. आमच्याकडचं एक संत्रं घ्या, १५० ग्रॅमचं. तोफ उडताना त्याचं वजन वाटेल साडेतीन टन! संत्र्याचा रससुद्धा उरायचा नाही, मग माणसांचं काय? म्हणून खरे अंतराळवीर तोफेत न बसता रॉकेटमध्ये बसतात. रॉकेट हळूहळू वेग वाढवतं.

तो मुलगा खडू हातात धरून म्हणाला, "म्हंजे आबाजीनं बिना गणिताचं उत्तर काढलं?" मी म्हटलं, "हो, आणि पुस्तक लबाड आहे म्हणून परत केलं नसतंस, तर आपल्याला हे गणित सुचलंच नसतं." चांगल्या विज्ञानकथेत चूक सापडली तरी आपला फायदाच होतो, तो असा.

बोअरच्या खाली काय आहे?

दुसरं पुस्तकही व्हर्नचं आणि भागवतांचंच. 'पाताळलोकची अद्भुत यात्रा'. एक तऱ्हेवाईक प्राध्यापक, त्यांचा घाबरट पुतण्या आणि एक अबोल वाटाड्या आइसलंडमधल्या एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडातून पृथ्वीच्या पोटात उतरतात. ज्यांच्या गावात बोअरचं मशीन येतं, त्यांनी तर हे वाचायलाच हवं. मशीन चालू असताना आमची मुलं ओट्यावर बसून बघत असतात. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड, मग तांबडा पट्टा, मग पुन्हा काळा. म्हणजे प्रत्येक बोअर हे पाताळयात्रेचं पहिलं पानच की!

व्हर्नची थाप ही, की माणसं एवढं खोल उतरतात आणि भाजत नाहीत. खरोखर काय होतं? रशियात कोला इथे संशोधकांनी जमिनीत छिद्र पाडत पाडत १९८९ साली १२,२६२ मीटर खोली गाठली. खाली तापमान सुमारे १८० अंश निघालं. पाणी उकळतं त्याच्या कितीतरी वर! आपल्या महाराष्ट्रातही भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं आहे. पण पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. पृथ्वी म्हणजे एक संत्रं समजलं, तर कोलाचं ते जगातलं सगळ्यात खोल छिद्र एका मिलिमीटरच्या पंधराव्या भागाएवढंच भरतं. म्हणजे अजून सालसुद्धा पार झालेली नाही. फोडी तर दूरच! आणि आमच्या तालुक्यातल्या सातशे-हजार फुटांच्या बोअरी? त्यांना तर सालीला नुसता हात लागला म्हणायचं.

नारायण विनायक जगताप कोण?

आता तिसरं पुस्तक. पण त्याआधी एक कोडं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली, 'कृष्णविवर'. परीक्षकांना ती इतकी आवडली, की तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप कोण? त्यांच्या नावाची आद्याक्षरं उलटी वाचून बघा. ज, वि, ना. कळलं? जयंत विष्णू नारळीकर! तेव्हाही ते जगभर माहीत असलेले खगोलशास्त्रज्ञ होते. नाव पाहून परीक्षक भुलतील म्हणून त्यांनी नाव बदललं, आणि अक्षर ओळखीचं वाटू नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. एवढा मोठा माणूस, पण मला मार्क माझ्या पेपरला मिळू देत, नावाला नको, असं त्याला वाटलं. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

त्यांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहात 'कृष्णविवर' आहेच, शिवाय आणखीही कथा आहेत. तीन आधी वाचा.

'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत क्रिकेट आहे, गणपतीची मूर्ती आहे आणि डावं-उजवं यांची एक भन्नाट अदलाबदल आहे. वाचण्याआधी हे करून बघा. कागदावर उजव्या हाताचा पंजा ठेवून आकार काढा आणि कापा. आता तो बाकावर सरकवत, फिरवत डाव्या हातासारखा करून दाखवा. होत नाही ना? पण बाकावरून उचलून पालथा केला की लगेच होतो! सपाट कागदाला पालथं व्हायला एक जास्तीची दिशा लागते, 'वर'. मग तुमच्या-माझ्यासारख्या माणसाचा उजवा हात डावा करायचा, तर आणखी एक दिशा लागेल. ती कुठून आणायची? हीच त्या कथेतली एक थाप. मग विचार करा, अशा माणसाचं हृदय कुठल्या बाजूला असेल? त्याला वर्तमानपत्र कसं दिसेल?

'धूमकेतू' या कथेत एक धूमकेतू पृथ्वीच्या रोखाने येतो आहे. शास्त्रज्ञ त्याला वळवायच्या खटपटीत आहेत, आणि तो शोधून काढणाऱ्याच्याच घरी शांतीसाठी यज्ञ चालू आहे. शेवटी पृथ्वी कुणी वाचवली, यावर घरातल्यांचं एकमत होतं का, ते बघा. ही कथा मी त्या मुलाला मुद्दाम दिली. का, ते तुम्हाला कळलंच असेल. आणि गंमत अशी, की सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या 'नासा'ने डार्ट नावाचं यान मुद्दाम एका छोट्या लघुग्रहावर आदळवलं. त्याचा फिरण्याचा वेळ ३२ मिनिटांनी कमी झाला! आकाशातला दगड धक्का देऊन ढळवता येतो, हे खरोखर करून दाखवलं गेलं.

तिसरी 'गंगाधरपंतांचे पानिपत'. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली, हे तुम्ही शाळेत शिकता. ती गोळी लागली नसती तर? इतिहासाचे अभ्यासक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशाच वेगळ्या इतिहासात जाऊन पोचतात. थाप एकच, एक गोळी हुकली. पण तिच्यामुळे पुढचं सगळं कसं बदलत गेलं असेल, हे लेखकाने धागा न तोडता विणलं आहे. या कथेबद्दल शेवटी आणखी सांगायचं आहे.

नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांची एक सवय मला फार आवडते. मुलं सहीसाठी वही पुढे करत, तेव्हा ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव. उत्तर येईल आणि खाली सही येईल. सही फुकट नाही, तिची किंमत एक प्रश्न!

जादूलाही नियम असतात

"पण मॅडम, आम्हाला जादू पाहिजे!" असं म्हणणाऱ्यांनाही हाच नियम लावा. विक्रम आणि वेताळ आठवा. प्रेत बोलतं, ही थाप. पण नियम किती कडक! उत्तर माहीत असून राजा गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. दोन्हीकडून पंचाईत. हा नियम काढून टाका, गोष्टीत काय उरलं? 'चांदोबा'ने ही मालिका वर्षानुवर्षं चालवली. 'चांदोबा' बंद पडला, तरी जुने अंक तुमच्या आजोळी माळ्यावर असतील. शोधा.

'हॅरी पॉटर आणि परीस' ही मोठी मुलं हातोहात नेतात. इंग्रजी नावातल्या दगडाला मराठीत 'परीस' म्हटलं आहे, हे किती छान! लोखंडाचं सोनं करणारा परीस आपण आजीच्या गोष्टींपासून ओळखतो. इथेही नियम बघा. लहान मुलांना शाळेबाहेर जादू करायला बंदी! हॅरीला छडी फिरवून सगळी संकटं घालवता आली असती, तर एवढं जाड पुस्तक वाचलं असतं का कुणी?

लहानांसाठी विंदा करंदीकरांचा कवितासंग्रह 'एटू लोकांचा देश' घ्या. उलट्यापालट्या रीतींच्या त्या देशात तुम्ही नक्की रमाल. जी. ए. कुलकर्णींचं 'बखर बिम्मची' घ्या. त्यात राक्षस नाही, यान नाही, फक्त बिम्म नावाचा एक छोटा मुलगा आहे आणि त्याच्याशी बोलणारं जग आहे. हळूहळू वाचा, आणि जमलं तर धाकट्या भावंडाला मोठ्याने वाचून दाखवा.

यादी, वहीत उतरवून घ्या

चौथी-पाचवी: 'एटू लोकांचा देश', 'बखर बिम्मची', आणि अरबी कथांची, म्हणजे सिंदबाद-अल्लाउद्दीनची, मुलांसाठी केलेली कुठलीही आवृत्ती.

सहावी-सातवी: 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'हॅरी पॉटर आणि परीस'.

आठवीच्या पुढे: 'यक्षांची देणगी'. ते संपलं की बाळ फोंडके यांचं 'खिडकीलाही डोळे असतात', लक्ष्मण लोंढे यांचं 'दुसरा आईन्स्टाईन', सुबोध जावडेकरांचं 'गुगली' आणि शुभदा गोगटे यांचं 'यंत्रायणी'. ही थोडी मोठ्यांची आहेत. अडलं तर विज्ञानाच्या सरांना विचारा. त्यांनाही बरं वाटेल!

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जा. नसेल ते पुस्तक, तर मागणी लिहून या. पुष्कळ मुलांनी मागितलं की वाचनालयं पुस्तक आणतात. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. घरी मोबाइल असेल तर अर्धा तास त्यासाठी मागा.

आणि आबाजी?

त्या वर्षी त्यांच्या बागेतली अर्धी झाडं वाळली. उरलेली टँकरच्या पाण्यावर कशीबशी तगली. पुस्तकाने पाणी आणलं नाही. तशी लबाडी मी तुमच्याशी करणार नाही. पण तो मुलगा पुन्हा शनिवारच्या ओळीत उभा राहायला लागला.

दिवाळीच्या सुटीआधी त्याने 'यक्षांची देणगी' नेलं. मी म्हटलं, "अरे, हे तुला जड जाईल." तो म्हणाला, "मले नाई, आबाजीले पायजे." झालं होतं असं, की मी सांगितलेली पानिपताची गोष्ट त्याने घरी सांगितली, आणि आबाजी बाजेवर उठून बसले. "विश्वासरावाले गोळीच नाई लागली? असं कसं होईन?" रात्री नातू वाचायला लागला, आबाजी ऐकायला लागले. मधे दोनदा थांबवून त्यांनी वाद घातला. भाऊसाहेबांनी काय करायला हवं होतं, ते भिंतीवर कोळशाने रेघा काढून दाखवलं. अकरा वाजले, आई ओरडली, दिवा मालवायची वेळ झाली.

तेव्हा आबाजी काय म्हणाले, ते त्याने मला सोमवारी शाळेत पळत पळत येऊन सांगितलं.

"मॅडम, आबाजी म्हने, लबाड हाये गा हे. पन वाच पुढं!"

बरं तर मित्रांनो, या आठवड्याचा गृहपाठ. एक पोस्टकार्ड घ्या. त्यावर एकच वाक्य लिहा, 'असं झालं तर?' या पद्धतीचं. थाप एकच हवी. समजा, उद्यापासून आपल्या गावात बोअर घ्यायला बंदी झाली तर? समजा, झाडांना चालता आलं तर? खाली पाच ओळींत लिहा, की त्यानंतर काय काय होईल. सगळं जुळलं पाहिजे हं! मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. या कोपऱ्यात मी त्यांना उत्तरं देईन.

सहीची किंमत तुम्हाला माहीत आहेच.

तुमच्या
वरूडच्या मॅडम